वॉचमनच्या मुलीच्या शाळाप्रवेशात सोसायटीने पडावं का?

चेंबूरकर: आमचा वॉचमन नेपाळचा. जूनमध्ये बायको आणि आठ वर्षांची मुलगी आली. शाळेने त्याला "जन्मदाखला आणा" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेस मी सोबत गेलो. शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम 14 दाखवलं: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 प्रमाणे वयाला साजेसा वर्गही मिळतो. पंधरा मिनिटांत फॉर्म हातात! मीटिंगमध्ये सुचवलंय की अशा कुटुंबांची कागदपत्रं दोघातिघांनी बघावीत. जुने कपडे देऊन आपण मोकळे होतो. त्यांना हवा असतो खिडकीवर बोलणारा माणूस. तुमचं मत?

खडूसकाका: नेपाळचं ठीक, 1950 चा करार आहे, व्हिसा लागत नाही. उद्या भलताच कोणी आला तर? भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड असलं तरी पोलीस सेक्रेटरीलाच बोलावणार, तुम्हाला नाही.

मुलुंडची सिंधी: काका, माझे आजोबा 1947 ला कराचीहून बोटीने आले, कल्याण कॅम्पात. आजचं उल्हासनगर. लष्कराच्या बराकीत गोणपाटाच्या पडद्यामागे संसार. सरकारी अर्ज कोण भरून द्यायचं? शेजारचे एक मराठी मास्तर.

खडूसकाका: त्यांची सरकारदरबारी नोंद होती, ताई. तुलनाच चुकीची. आणि माझा भाचा दोन वर्षं नोकरी शोधतोय, त्याच्यासाठी कुठली समिती?

चेंबूरकर: भाच्याला पाठवा, त्याच्याही अर्जाला बसतो, खरंच. नोंदीचा मुद्दा मान्य. खोटा कागद कुणाचाच करणार नाही. पण घटनेचं कलम 21 'व्यक्ती' म्हणतं, 'नागरिक' नव्हे. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांबद्दलच्या 1996 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं.

दवाखान्यातली: कलमं राहू द्या. 2022 ला गोवंडीत गोवर पसरला तेव्हा आम्ही घरोघर फिरलो. बाहेरून आलेली काही कुटुंबं दारच उघडेनात. वाटायचं, कागद तपासायला आलो. ओळखीची शेजारीण सोबत असली की उघडायची. मला तेवढीच मदत हवी होती.

खडूसकाका: लस द्या, शाळेत घाला, ना नाही. फक्त सोसायटीच्या लेटरहेडवर नको. स्वतःच्या नावाने सही करा.

चेंबूरकर: सही माझीच आहे. पत्त्याच्या रकान्यात मात्र 'पंपरूम' लिहावं लागलं. ती सोसायटीची आहे, काका.