मे महिन्यात पाऊस नसताना पूर कसा? (मॅकेन्झी नदी, कॅनडा)

हरिपूरकर
आमचं घर हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर. २०१९ ला पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं होतं. भिंतीवरची ती रेघ मी अजून रंगवू दिलेली नाही. त्यामुळे जगात कुठंही पूर आला की मी वाचत बसतो. मॅकेन्झीकाठच्या फोर्ट सिम्प्सन गावातून मे २०२१ मध्ये लोकांना हलवावं लागलं. आपल्याकडं पूर म्हणजे आषाढ-श्रावण, कोयनेचा विसर्ग. तिथं पावसाशिवाय पाणी चढलं कसं? आणि नदीचं नाव कुठं मॅकेन्झी, कुठं डेह चो. खरं कुठलं?

माहुली_संगम (सातारा)
काका, सगळं नदीच्या दिशेत आहे. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून ती सुमारे १,७०० किलोमीटर वायव्येला जाऊन आर्क्टिक महासागराला मिळते. दक्षिणेत बर्फ आधी सुटतं, खाली पात्र अजून गोठलेलंच. त्यात फोर्ट सिम्प्सनला लिअर्ड नदी डोंगरातून लवकर भरून येते आणि मॅकेन्झीचं बर्फ फोडते. लाद्या एकमेकींवर चढून अडकतात, आडवा बांध तयार होतो, मागं पाणी फुगतं. कृष्णा भरली की वारणेचं पाणी तुंबतं ना, तसंच. फरक इतकाच की हा बांध बर्फाचा, केव्हा सुटेल सांगता येत नाही.

नावाचं म्हणाल तर अलेक्झांडर मॅकेन्झी १७८९ मध्ये पॅसिफिकची वाट शोधत या नदीतून गेला आणि आर्क्टिकला पोचला. वाटेवरच्या डेने या मूळ रहिवासी लोकांची ती आधीपासूनच डेह चो होती, म्हणजे मोठी नदी. मुखाकडचे इनुव्हियालुइट लोक तिला कुकपाक म्हणतात, अर्थ तोच. फोर्ट सिम्प्सनलाही डेने नाव आहे, लीडली कुए: नद्या एकत्र येतात ती जागा.

हरिपूरकर
म्हणजे संगमच की! हे वाचून अंगावर काटा आला. सांगलीत १९२९ च्या पुलाला व्हाइसरॉय आयर्विनचं नाव दिलं, पण कृष्णा कृष्णाच राहिली. त्या लोकांची नदीच दुसऱ्याच्या नावावर गेली, हे मला फार लागलं.

नकाशावेडी
काका, आणखी एक. लिअर्डचं गढूळ पाणी आणि मॅकेन्झीचं नितळ पाणी संगमाखाली शेकडो किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतं, लगेच मिसळत नाही.

हरिपूरकर
पहिल्या पावसानंतर संगमेश्वराच्या पायऱ्यांवरून आम्हालाही दोन रंग दिसतात, पण थोडंच अंतर. नातीनं आत्ता वहीत नदी काढली. मॅकेन्झी लिहिलं होतं, शेजारी डेह चो लिहायला लावलं.