अनुभव धागा : अमेरिकेतली गावोगावची इतिहास-संग्रहालयं आणि ऐतिहासिक जागा

ओसरीवरची
काल व्हॉट्सॲपवर आनंदीबाई जोशींच्या समाधीदगडाचा फोटो फिरत होता, खाली 'न्यूयॉर्क शहरातील समाधी'. जुनी आठवण चाळवली आणि चिडचिडही झाली. शहरात नाही हो, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावाला आहे.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेची हडसन लाइन, शेवटचं स्टेशन. पावणेदोन-दोन तास. जाताना डावीकडची खिडकी धरा, नदी त्या बाजूला. स्टेशनवरून पकिप्सी रूरल सेमेटरीला टॅक्सीच करा, रूट ९ च्या कडेने चालण्यात मजा नाही. आवार प्रचंड आहे. आधी ऑफिसात नकाशा मागा आणि आडनावाचं स्पेलिंग शेवटी दोन 'ई' लावून सांगा, दगडावर तसंच आहे. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात गेल्या, गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या, म्हणून दगड त्यांच्या घरच्यांच्या जागेत. पुतळा-छत्री असलं काही शोधू नका.

तुम्हाला माहीत असलेल्या जागा लिहा. एकच अट: 'आम्ही गेलो, खूप छान वाटलं' नको. कसं जायचं, काय बघायचं, कुठे फसगत होते ते सांगा.

खडूस_काका
अट आवडली. अर्धे आयडी गप्प बसतील.

पकिप्सीला जाताय तर हाइड पार्क जोडून करा, उत्तरेला काहीच मैल. तिथलं राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचं घर फक्त गाइडेड टूरमध्येच बघता येतं, त्यामुळे आधी टूरची वेळ घ्या आणि उरलेला वेळ लायब्ररीला द्या. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने लायब्ररी काढायची प्रथा इथूनच सुरू झाली, १९४१ साली.

झिपरी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. फिलाडेल्फिया: आनंदीबाई, जपानच्या ओकामी आणि सीरियाच्या इस्लांबूली असा तिघींचा १८८५ चा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. ते संग्रहालय नव्हे, उठून गेलात तर दारातून परत. आधी मेल करून वेळ घ्या. बरंचसं ऑनलाइनही आहे.

इंडिपेंडन्स हॉलला वेळेचं तिकीट लागतं, रिक्रिएशन डॉट गव्हवर, एक डॉलर फी. लिबर्टी बेलला तिकीट नाही, फक्त रांग. दोन्हीकडे सामानाची तपासणी, तेव्हा वेळेच्या अर्धा तास आधी पोचा.

पोहे_बिनाशेव
आईबाबा जूनमध्ये येताहेत. ६२ वर्षांवरच्यांना नॅशनल पार्कचा स्वस्त पास मिळतो ना? वीस डॉलरवाला?

खडूस_काका
पर्यटक व्हिसावर नाही. नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले असतील तरच. पण जिवाला लावून घेऊ नका, पार्क सर्व्हिसच्या बहुतेक ऐतिहासिक जागांना प्रवेशशुल्कच नसतं. पैसे लागतात ते फेरी, पार्किंग आणि टूरचे.

पोहे_बिनाशेव
धन्स काका. बाबांचे गुडघे दुखतात हेही लिहायचं राहिलं.

झिपरी
मग न्यूयॉर्कचं टेनमेंट म्युझियम, म्हणजे तिथल्या चाळीचं संग्रहालय, जपून. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट, १८६३ ची इमारत, जिना अरुंद. आत फक्त टूरबरोबर सोडतात आणि तासभर उभं राहावं लागतं. प्रत्येक टूरचा मजला वेगळा, बुक करतानाच जिने किती ते वाचा. चाळीत वाढलेल्यांना मात्र तीच जागा दाखवा. १९३५ ला वरची बिऱ्हाडं बंद झाली, खोल्या तशाच पडून राहिल्या, म्हणून भिंतीवरच्या कागदांचे थरावर थर अजून दिसतात.

गिरणगाववाला
चाळ आली म्हणजे गिरणी आलीच. मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल, पाऊण तास. बूट कॉटन मिल्सच्या तळमजल्यावर अख्खं साचाखातं ठेवलंय, ८८ साचे म्हणजे माग. एका वेळी थोडेच चालवतात, तरी पायाखालची जमीन हादरते. दारात कानात घालायचे बोळे मिळतात, ते घ्याच. लहान मुलांना तर नक्की. आत गाइडचं बोलणं ऐकू येत नाही, प्रश्न बाहेर विचारा.

धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं शटल, नीट बघा. कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला, रोग पसरायला आणखी काय हवं! मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये हा प्रकार कायद्याने बंद केला. खिडक्या बंद का ठेवत तेही विचारा: हवा कोरडी झाली की सूत तुटतं.

आणि हा कापूस दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला. १८६१ ते ६५ च्या यादवीत तो अडकला तेव्हा मँचेस्टरने भारतातल्या कापसाकडे धाव घेतली, मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि ६५ ला सगळं धुपलं. लोवेल बघितल्याशिवाय काळबादेवी कळत नाही, हे माझं मत. मारा दगड.

डेट्रॉइटकर
दगड नाही, टाळी. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या मंडळींनो, तुमच्या गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं त्याची प्रयोगशाळा तुमच्याकडे नाहीये. मेन्लो पार्कला मनोरा आणि छोटंसं संग्रहालय आहे. प्रयोगशाळा हेन्री फोर्डने १९२९ मध्ये आमच्या डिअरबॉर्नला, ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये उभी केली, न्यू जर्सीची मातीसुद्धा आणली. हिवाळ्यात व्हिलेज बंद, एप्रिलच्या मध्यानंतर या. शेजारचं हेन्री फोर्ड म्युझियम सुरू असतं. गोऱ्या उतारूला जागा न देता रोझा पार्क्स जिच्यात बसून राहिल्या ती बस तिथे आहे, आत चढून बसता येतं.

शेवंती_एनजे
माती पण नेली?! इथे पार्किंगला जागा मिळेना म्हणून बरंच झालं म्हणायचं 😄 वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा आहे की आमच्याकडे, १८८७ ची. ती मूळ जागीच आहे.

डेट्रॉइटकर
ती तुमची, ठेवा. 🙏

अर्धतिकीट
मोठ्या नावांचंच चाललंय. काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) हिस्टॉरिकल सोसायटी म्हणून जी प्रत्येक गावात एक जुन्या घरात असते तिच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. ही घरं स्वयंसेवकांवर चालतात. आठवड्यातून दोन-तीन दुपारी उघडी, हिवाळ्यात कडीकुलूप. गूगलवरच्या वेळेवर विसंबू नका, फोन करा. उत्तर देणारं मशीन लागलं तर निरोप ठेवा, उलटा फोन येतो. 'देणगी ऐच्छिक' लिहिलेलं असलं तरी पेटीत पाच-दहा डॉलर टाकावेत, छताची गळती त्यातूनच निघते.

आतल्या पलंग-कपाटांपेक्षा मागच्या खोलीतली कागदपत्रं बघा. पेन बाहेर, फक्त पेन्सिल. सॅनबॉर्नचे नकाशे मागा. आगीच्या विमा कंपन्यांसाठी काढलेले, त्यामुळे घर न् घर आहे. गुलाबी म्हणजे विटांचं, पिवळं लाकडी, निळं दगडी. 'डी' म्हणजे राहतं घर, 'एस' म्हणजे दुकान. निरनिराळ्या सालांचे शेजारी ठेवले की गावाची पेठ कुठून कुठे सरकली ते बोटाने दाखवता येतं. एक सावधगिरी: सुधारणा असेल तिथे नवा तुकडा जुन्यावर चिकटवत, म्हणून नकाशावरचं साल तेवढं बघून निष्कर्ष काढू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरही हजारो आहेत, फुकट.

मीनाक्षी_ऑस्टिन
अर्धतिकीट, हे सेव्ह केलं. गावच्या पब्लिक लायब्ररीतून संग्रहालयांचे पास पुस्तकासारखे नेता येतात हेही जोडा. लायब्ररी कार्ड हवं. शनिवार-रविवारचे पास लवकर उडतात.

पोहे_बिनाशेव
तिथे चहा मिळतो का? सीरियसली विचारतेय, बाबा.

खडूस_काका
थर्मास. बाकी सगळीकडे कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी.

निळी_शाई
बाबासाहेबांसाठी कोलंबियाला जाणाऱ्यांना: १९१३ ते १६ ते तिथे होते, अर्धपुतळा लेहमन लायब्ररीत आहे. पण हल्ली बाहेरच्यांना कॅम्पसची गेटं बंद असू शकतात आणि लायब्ररीला ओळखपत्र लागतं. आत कुणी ओळखीचं विद्यार्थी-प्राध्यापक असेल तर आधीच पाहुणा म्हणून नाव घालून घ्या. नुसतं एप्रिलात हार घेऊन गेटवर उभं राहून उपयोग नाही.

अलाबामातलं माँटगोमरीही करावं. अटलांटाहून अडीच तास ड्राइव्ह, जाताना घड्याळ एक तास मागे येतं, येताना तो तास जातो, परतीची फ्लाइट असेल तर ध्यानात ठेवा. गोऱ्या झुंडींनी मारलेल्या काळ्या लोकांचं, म्हणजे झुंडबळींचं स्मारक तिथे २०१८ ला उघडलं. ८०० हून जास्त पोलादी खांब, एकेका काउंटीचा एकेक, त्यावर नावं. सुरुवातीला खांब तुमच्या उंचीला असतात, मग जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकतात. उन्हाळ्यात सकाळी जा. तिथल्याच लेगसी म्युझियममध्ये (गुलामगिरीपासूनचा इतिहास) फोटोला बंदी, त्याला किमान तीन तास. सोमवार-मंगळवार बंद. लहान मुलांना नेण्याआधी विचार करा.

शेवंती_एनजे
पोहे, बाबांना एलिस आयलंडला (जुन्या काळी बोटीने आलेल्यांची नोंद व्हायची ते बेट) नेणार असशील तर मॅनहॅटनऐवजी आमच्या लिबर्टी स्टेट पार्कवरून फेरी घे. रांग लहान आणि गाडी लावता येते. दोन्हीकडून तिकीट एकाच अधिकृत फेरीचं, बॅटरी पार्कात 'स्टॅच्यू टूर' म्हणून रस्त्यावर विकणाऱ्यांकडून घेऊ नको, त्यातल्या बऱ्याच बोटी बेटाला लागतच नाहीत.

पोहे_बिनाशेव
घेते. गाडी लावून झाली की थर्मास तपासणीतून आत नेऊ देतात का?