टँकमधले पाणी सतत हिरवे होते, निम्मे पाणी बदलूनही फरक पडत नाही

प्रश्न : खडीवाळू

नमस्कार. माझ्याकडे सुमारे १०० लिटरचा गोड्या पाण्याचा टँक आहे आणि तो लावून आता काही महिने झाले आहेत. गेल्या काही आठवड्यांपासून पाणी हिरवे होऊ लागले असून, मागच्या काचेला आतून लावलेला थर्मामीटर आता पुढून वाचता येत नाही. काचेवर, दगडांवर किंवा झाडांच्या पानांवर शेवाळ जवळजवळ नाही. जो काही हिरवेपणा आहे तो पाण्यातच आहे. निम्मे पाणी बदलले की एखाद-दोन दिवस बरे दिसते आणि मग पुन्हा पहिल्यासारखे होते.

फिल्टर काठावर टांगायचा आहे. त्यातला स्पंज प्रत्येक वेळी पाणी बदलताना नळाखाली धरून पिळून स्वच्छ करतो. दिवा रोज दहा ते बारा तास चालू असतो, शिवाय दुपारनंतर खिडकीतून काही वेळ थेट ऊन टँकच्या एका बाजूवर येते. गप्पी, निऑन टेट्रा आणि तळाशी थोडे कोरीडोरास आहेत. मासे नीट खातात, पण सकाळी दिवा लावण्यापूर्वी पाहिले तर त्यांतले काही पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असतात.

हे मासे आजारी असण्याचे लक्षण आहे का, शेवाळनाशक औषध घालावे का, आणि शेवाळ खाणारे मासे किंवा गोगलगायी सोडल्यास उपयोग होईल का, एवढे कृपया सांगावे.


उत्तर : तळगाळ

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : नाही. शेवाळ खाणारे मासे आणि गोगलगायी पृष्ठभागावर चिकटलेले शेवाळ खरवडून खातात. तुमच्या टँकमधले शेवाळ एकपेशीय आणि तरंगते आहे. क्लोरेला किंवा त्यासारखी सूक्ष्म शेवाळे असतील. त्यांची एकेक पेशी काही मायक्रॉनांची असते, म्हणजे स्पंजच्या छिद्रांतून ती सहज आरपार निघून जाते. त्यामुळे फिल्टर मोठा घेऊन किंवा स्पंज अधिक वेळा धुऊनही पाणी स्वच्छ होत नाही.

पाणी बदलण्याचे गणितही असेच आहे. प्रकाश आणि पोषण भरपूर असेल तर या पेशी साधारण दिवसाभरात दुप्पट होऊ शकतात. निम्मे पाणी काढले म्हणजे निम्म्या पेशी गेल्या, आणि उरलेल्या एकदा दुप्पट झाल्या की आपण पुन्हा जागच्या जागी. नव्वद टक्के पाणी बदलले तरी उरलेल्या दहा टक्क्यांना मूळ संख्येवर येण्यासाठी तीन-चार वेळाच दुप्पट व्हावे लागते. एवढे पाणी एकदम बदलण्याचा माशांना होणारा त्रास मात्र त्यापेक्षा फार मोठा असतो.

पांढऱ्या पेल्यात थोडे पाणी घेऊन उजेडात पाहावे. छटा स्पष्ट हिरवी असेल तर हे शेवाळच. दुधाळ किंवा राखाडी असेल तर तो जिवाणूंचा गढूळपणा असतो आणि त्याचा उपाय वेगळा. तुमच्या वर्णनावरून मला शंका वाटत नाही, तरीही पाहून घ्यावे.

सकाळी मासे वर येतात ते बहुधा ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. दिवसा हे शेवाळ ऑक्सिजन सोडते, पण रात्री तेही माशांप्रमाणेच श्वसन करते आणि पहाटेपर्यंत पाण्यातला साठा सर्वांत खाली येतो. बाकी काही करण्यापूर्वी आजच रात्री एअर पंप चालू करावा, किंवा फिल्टरची पातळी अशी ठेवावी की पडणाऱ्या पाण्याने पृष्ठभाग चांगला हलत राहील.

औषधाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अनेक शेवाळनाशकांत तांबे असते. ते कोळंबी आणि गोगलगायींना मारक ठरते, आणि मृदू पाण्यात माशांनाही अधिक बाधते. औषधाने शेवाळ मेले तरी ज्याच्यावर ते वाढले ते पोषण पाण्यातच राहते.

माझी पद्धत अंधाराची आहे. टँक जाड कापडाने सर्व बाजूंनी असा झाकावा की फटीतूनही उजेड जाणार नाही, आणि तीन ते चार दिवस तसाच ठेवावा. या काळात खाणे देऊ नये. निरोगी प्रौढ माशांना त्याने काही होत नाही. एअर पंप अहोरात्र चालू ठेवावा. झाकण काढल्यावर निम्मे पाणी बदलावे, म्हणजे मेलेल्या शेवाळातून सुटलेले पदार्थ बाहेर जातील.


उत्तर : निळा_दिवा

अंधाराने पाणी स्वच्छ होते हे खरे, पण कारण तसेच राहिले तर दोन आठवड्यांत ते परत हिरवे होते, आणि झाडे असलेल्या टँकमध्ये ती झाडेही त्यात खंगतात. मी यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) फिल्टर सुचवेन. त्यात सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासमोरून पाणी जाते आणि पेशींच्या डीएनएला इजा होऊन त्यांचे विभाजन थांबते. साधारण आठवड्याच्या आत पाणी डोळ्यांना दिसेल इतके निवळते.

यूव्ही लावल्याने फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात अशी भीती बरेच जण व्यक्त करतात. ते जिवाणू स्पंजला आणि खडीला चिकटून राहतात, दिव्यासमोरून वाहत जात नाहीत, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही. त्याच कारणाने काचेवरचे शेवाळही यूव्हीने जात नाही.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पुटे चढली की प्रकाश पाण्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती अधूनमधून पुसावी. आणि सतत चालवलेला दिवा साधारण वर्षभराने बदलावा, कारण निळसर उजेड दिसत राहिला तरी कामाचा यूव्ही प्रकाश तोपर्यंत बराच घटलेला असतो. पेटलेला दिवा उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये.


खडीवाळू

दोघांचेही आभार. पांढऱ्या पेल्यात छटा स्वच्छ हिरवी दिसली. एअर पंप लावला आहे आणि आज सकाळी मासे वर आलेले नव्हते.

टेस्ट किटने पाणीही तपासले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या आसपास. पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) मात्र सकाळी ७.२ आणि संध्याकाळी, ऊन येऊन गेल्यावर, ८.६ आला. आधी मला किटच खराब आहे असे वाटले, म्हणून पुन्हा मोजला, आकडा तोच. तापमान २५ अंश सेल्सिअस आहे. अमोनिया शून्य आहे याचा अर्थ फिल्टर नीट काम करतो आहे असा घ्यावा का?


उत्तर : पाणवेल

तसा घेऊ नये. माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

किट बिघडलेले नाही. दिवसा प्रकाशात हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे पाण्यातले कार्बोनिक आम्ल कमी होते आणि पीएच चढतो. रात्री सर्व सजीव मिळून तो वायू परत सोडतात आणि पीएच उतरतो. दिवसभरात इतका चढउतार होतो यावरूनच शेवाळ किती दाट आहे याचा अंदाज येतो.

आता अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो सतत बाहेर पडतो, उरलेले खाणे कुजूनही तयार होतो. नेहमीच्या टँकमध्ये फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तुम्ही स्पंज दर वेळी नळाखाली पिळता. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मुळात जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते, आणि ते स्पंजमधल्या जिवाणूंनाही सोडत नाही. म्हणजे तुमच्या फिल्टरची वसाहत प्रत्येक धुण्यागणिक अर्धमेली होत असावी, आणि जो अमोनिया तिने पचवायचा तो शेवाळ पचवत असावे. नायट्रोजन घेताना या शेवाळांची पहिली पसंती बहुधा अमोनियालाच असते. तुमचे शून्य हे शेवाळाचे काम आहे, फिल्टरचे आहे की दोघांचे आहे हे किट सांगू शकत नाही.

म्हणूनच आज अंधार करण्याचा किंवा औषध घालण्याचा मी विरोध करेन. शेवाळ एकदम मेले तर अमोनिया शोषणारा मुख्य घटक नाहीसा होईल, मेलेल्या पेशी कुजून त्यात आणखी भर घालतील, ते कुजताना ऑक्सिजनही खर्च होईल, आणि हा सगळा भार नुकत्याच धुतलेल्या स्पंजवर पडेल. त्यात पीएचचा मुद्दा आहेच. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यांतले विद्युतभाररहित रूप माशांना घातक. २५ अंशांना, पीएच ७.२ असताना एकूण अमोनियातला एक टक्काही या घातक रूपात नसतो, ८.६ ला तेच प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास जाते. किटवर तीच संख्या दिसत असली तरी सकाळचा अमोनिया आणि संध्याकाळचा अमोनिया माशांच्या दृष्टीने अगदी वेगळा असतो.

क्रम असा ठेवावा. आधी स्पंज नळाखाली धुणे बंद करावे. पाणी बदलताना काढलेले टँकचेच पाणी बादलीत घेऊन त्यात तो दोन-तीन वेळा हलका दाबावा. पाणी गढूळ झाले म्हणजे काम झाले, स्पंज नव्यासारखा दिसण्याची गरज नाही. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवावा. भरायच्या पाण्यातले क्लोरीन घालवणारे द्रव न चुकता वापरावे. जिवाणूंची वसाहत सावरायला काही आठवडे लागू शकतात, तोवर खाणे कमी करावे. दोन मिनिटांत संपेल तेवढेच, आणि एखाद्या दिवशी मुळीच नाही, हे पुरेसे आहे.

त्याच वेळी ऊन तोडावे. टँकच्या त्या बाजूला बाहेरून काळा कागद चिकटवला तरी चालेल. दिवा टायमरवर टाकून सहा ते आठ तासांवर आणावा.

नायट्रेट ४० आहे, पण ते फक्त टँकमधूनच येते असे गृहीत धरू नये. नळाचे पाणी त्याच किटने तपासावे. तिथेच २० आले तर पाणी बदलून तुम्ही नायट्रेट तेवढ्यापेक्षा खाली नेऊ शकणार नाही, आणि मग ते कमी करण्याचे काम झाडांवर सोपवावे लागेल. हॉर्नवर्ट त्यासाठी उत्तम. त्याला मुळे नसतात, ते नुसते तरंगत सोडले तरी वेगाने वाढते, आणि वाढताना अमोनिया, नायट्रेट दोन्ही घेते. वरून तरंगणारी पिस्टिया किंवा डकवीडही चालेल. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरते आणि खाली सावलीही करते. डकवीड एकदा आली की टँकमधून पूर्णपणे जात नाही, एवढी कल्पना मनात असू द्यावी.

हे सर्व मार्गी लागल्यावर यूव्ही लावावा, अंधार नको. यूव्हीने शेवाळ हळूहळू कमी होते आणि जिवाणूंना व झाडांना वाढता भार उचलायला वेळ मिळतो.


उत्तर : तळगाळ

पाणवेल यांचा मुद्दा मान्य आहे. अंधाराची पद्धत मी परिपक्व फिल्टर असलेल्या टँकमध्ये वापरतो आणि तिथे ती निर्धोक ठरते. स्पंज नळाखाली धुतला जात असेल तिथे ती थांबवणेच योग्य. अंधाराचे काम झाले तरी ते यूव्हीपेक्षा स्वस्त पडते, एवढा तिचा फायदा मात्र मी सोडणार नाही.


उत्तर : पाणपिसू

थोडे वेगळे सुचवतो. मत्स्यपालनात पिल्लांचे खाद्य तयार करण्यासाठी हे हिरवे पाणी मुद्दाम तयार करतात. वेगळ्या भांड्यात डॅफ्निया (पाण्यात राहणारे अगदी लहान जीव) ठेवून त्यात हे पाणी घातले की ते शेवाळ गाळून खातात आणि भांड्यातले पाणी काही दिवसांत नितळ होते. मुख्य टँकमध्ये डॅफ्निया सोडण्याचा उपयोग नाही, कारण मासे त्यांना शेवाळापर्यंत पोहोचूच देत नाहीत. पण पाणी बदलताना काढलेले हिरवे पाणी फेकण्याऐवजी त्या भांड्यात घालावे आणि वाढलेले डॅफ्निया माशांना द्यावेत. गप्पीची पिल्ले असतील तर विशेष उपयोगी. गाळ खाली बसवणारे द्रव वापरणार असाल तर ते पाणी या भांड्यात घालू नये.


खडीवाळू

नळाच्या पाण्यात नायट्रेट २० च्या आसपास आले, त्यामुळे पाणवेल यांचा अंदाज बरोबर ठरला. उन्हाच्या बाजूला कागद लावला आहे, दिवा सात तासांवर आणला आहे आणि हॉर्नवर्ट आणून टाकले आहे. स्पंज या वेळी टँकच्याच पाण्यात दाबून काढला. शेवटची शंका अशी, की यूव्ही कधी लावावा आणि पाणी निवळल्यावर तो काढून ठेवावा का?


उत्तर : पाणवेल

अमोनिया आणि नायट्राइट दिवसाआड तपासत राहावे. खाणे पूर्ववत केल्यावरही आठवडाभर दोन्ही शून्य राहिले आणि हॉर्नवर्टला नवीन फुटवे दिसू लागले, की यूव्ही लावायला हरकत नाही. लावल्यानंतर पहिले काही दिवस तपासणी रोज करावी. अमोनिया वर सरकताना दिसला तर यूव्ही दिवसातून काही तासच चालवावा आणि थोडे पाणी बदलावे.

पंपाचा वेग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवू नये, कारण पाणी दिव्यासमोरून जितके वेगाने जाते तितका त्याला मारा कमी बसतो. पाणी निवळल्यावर तो बंद करून दोन-तीन आठवडे पाहावे. पुन्हा हिरवी झाक आली नाही तर काढून ठेवावा. आली तर नायट्रेट, प्रकाशाचे तास आणि खाणे या तिन्हींपैकी काहीतरी अजून जास्त आहे असे समजून तिथेच शोधावे. माशांना औषध द्यायची वेळ आली तर त्या काळात यूव्ही बंद ठेवावा, कारण काही औषधे त्या प्रकाशात निकामी होतात. झाडांसाठी लोहयुक्त खत घालत असाल तर त्यालाही हेच लागू आहे.