मदत हवी आहे: दुबईला जातोय, कपडे काय न्यावेत?

मिलिंद_प: लोकहो पटकन सांगा. दुबईची तिकिटं, हॉटेल सगळं झालंय, आता बॅग भरण्यावरून घरात वाद चालू आहेत. बायको म्हणते सगळं सुती घे, मेहुणा म्हणतो जॅकेट लागेल. एवढ्या उन्हाळ्यात जॅकेट?? दोनच बॅगा न्यायच्यात.

वैदर्भी: महिना कोणता ते लिहा की राव. दुबईत जानेवारी वेगळा नि ऑगस्ट वेगळा. आणि बरोबर कोण कोण?

मिलिंद_प: ऑगस्टचा पहिला आठवडा. आम्ही दोघं, मुलगी 4 वर्षांची, आई.

घाटवाट: ऑगस्टात कोण जातं हो! नोव्हेंबर ते फेब्रुवारी जायचं, मस्त हवा असते.

मिलिंद_प: तिकिटं काढून झालीत असं वरच लिहिलंय.

नागपुरी_संत्रं: आम्ही मे महिन्यात 45 मध्ये स्कूटर चालवतो, दुबईचं काय घेऊन बसलात. डोक्याला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, बास.

वैदर्भी: संत्रं, मी पण तिकडचीच, पण आपली हवा कोरडी हो, घाम वाळतो म्हणून बरं वाटतं. तिथे बाजूला आखात, ऑगस्टात हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो आणि रात्री पण पारा तिशीच्या आसपास. एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर पण. मेहुणे बरोबर सांगतायत, मॉल आणि मेट्रोत एसी कडक असतो. जाड जॅकेट नको, आई आणि मुलीला एकेक पातळ स्वेटर किंवा शाल हातातल्या पिशवीत ठेवा.

धावपटू: सुती अजिबात नको, भिजलं की अंगाला चिकटून बसतं. ड्रायफिट, म्हणजे घाम पटकन वाळणारं खेळाचं कापड घ्या, रात्री धुवा सकाळी घाला.

शुभदा_क: ड्रायफिटला वास मारतो दुसऱ्या दिवशी. सैल सुती किंवा लिनन, लांब बाह्यांचं. अबुधाबीची मोठी मशीद बघणार असाल तर तसेही हातपाय झाकावे लागतात, बायकांना डोकं पण.

धावपटू: मॅडम, चांगल्या कापडाला वास येत नाही.

वैदर्भी: कपड्यांपेक्षा वेळा सांभाळा. तिथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर मजुरांना काम करायला बंदी असते, त्यावरून काय ते समजा. बाहेरचं सगळं सूर्य मावळल्यावर. ग्लोबल व्हिलेजची उघड्यावरची जत्रा आणि मिरॅकल गार्डनची फुलबाग उन्हाळ्यात बंदच असतात.

मिलिंद_प: काय?? ग्लोबल व्हिलेजला एक अख्खी संध्याकाळ ठेवलीय मी!

घाटवाट: म्हणून म्हणत होतो नोव्हेंबर.

शुभदा_क: आणि खसखस नेऊ नका, तिथे बंदी आहे. अनारसे, खसखस घातलेले लाडू, मसाले सगळं बघून घ्या.

मिलिंद_प: आईने काल रात्रीच अनारसे केलेत. बरं, आईच्या बीपीच्या गोळ्या चालतील ना?

वैदर्भी: अहो हे आधी सांगायचं! मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर इतक्या उन्हात तशीच चालू ठेवायची का, डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र इथेच ठेवा. आणि मेट्रोत आईला किंवा मुलीला पाणी पाजू नका, दंड होतो, चढायच्या आधीच पाजा.

हिशेबी_माणूस: सोनं आणणार का? 22 कॅरेट घ्या, घडणावळीत घासाघीस होते.

मिलिंद_प: सोन्याचं कोणी विचारलंय इथे. ग्लोबल व्हिलेजच्या जागी एसीतलं काय बघायचं ते सांगा, चार वर्षांच्या मुलीला.

धावपटू: दुबई मॉलमधलं मत्स्यालय. पण ड्रायफिट घालून जा.