आंबा बागेसाठी मोठी पिकअप घ्यावी की छोटा हत्ती घेऊन बाकी भाड्याने भागवावं?

कातळकर (राजापूर)

नमस्कार मंडळी. आमची राजापूर तालुक्यात हापूसची १८० कलमं आहेत, निम्मी सड्यावर म्हणजे वरच्या कातळावर आणि निम्मी खाली खाडीकडच्या उतारावर. आजपर्यंत माल भाड्याच्या गाडीनेच वाशीच्या मार्केटला जात आला. यंदा एप्रिलमध्ये एका दिवशी ६४ पेट्या भरल्या, पेंढा घातला, खिळे ठोकले, सगळं तयार, गाडीवाला पाचला येतो म्हणाला आणि रात्री दहापर्यंत त्याने फोनच उचलला नाही, शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी गाडी मिळाली. तोपर्यंत माल पडवीत तसाच, बाहेर ऊन बघवत नव्हतं, वाशीला पेटी उघडली तर आंबा पिवळा पडायला लागलेला. काय दर मिळाला ते लिहायची पण इच्छा होत नाही. आईने त्या रात्री जेवण केलं नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की स्वतःची गाडी पाहिजे. बाबा म्हणतात छोटा हत्ती (टाटा एस) घे, घरचा माल घरच्या घरी फिरेल, वाशीसाठी भाड्याचं बघू. चुलतभाऊ म्हणतो घ्यायची तर एकदाच दोन टनी घे. बायकोचा प्रश्न सरळ आहे, पावसात चार महिने गाडी उभी राहणार त्याचे हप्ते कुठून भरायचे. तिघांचंही पटतं त्यामुळेच अडकलोय. ज्यांनी दीड-दोन टनी पिकअप घेतली आहे त्यांनी सांगा, का घेतलीत? खरंच गरज होती का?

चिरेखाणवाला

दादा, माझ्याकडे १.७ टनी आहे, सहावं वर्ष. आधी छोटा हत्ती होता म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. छोटा हत्ती २००५ साली आला तेव्हा आमच्याकडे किती जणांचे संसार उभे राहिले त्या गाडीवर, तिला मी कधी नावं ठेवणार नाही. पण तिची क्षमता पाऊण टन आहे. जांभ्या दगडाचा एक चिरा ३० किलोचा धरला तर २५ चिऱ्यांत गाडी भरली. गिऱ्हाईक म्हणतं ५० टाक, आपण टाकतो, कारण दोन फेऱ्यांचं डिझेल परवडत नाही. इथूनच गाडीची वाट लागायला सुरुवात होते, आधी पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात मग क्लच प्लेट जाते मग मागचे टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात. मी एका वर्षात दोनदा पाटे बदलले.

आणि लोक विचारतात चढेल का. अरे चढायला सगळ्या गाड्या चढतात, पहिल्या गिअरला टाकून रडतखडत का होईना वर येतात. भरलेली गाडी उतरताना कळते. आमच्या खाणीकडून खाली रस्त्याला यायला दीड किलोमीटरची घाटी आहे, लाल माती, पाऊस पडला की साबण. छोट्या गाडीत दुप्पट माल घेऊन उतरताना ब्रेक तापून पेडल खाली जायला लागलं होतं माझं एकदा, शेजारी हमाल बसलेला, त्याला लहान मुलं आहेत. मी गाडी बांधाला घासून थांबवली. त्या दिवशी ठरवलं की जेवढा माल नेतो तेवढ्यासाठी बनवलेलीच गाडी घ्यायची. मोठ्या गाडीत काय फरक असतो तर चासी म्हणजे खालचा सांगाडा जाड, पाट्यांची पानं जास्त आणि जाड, ब्रेक मोठे, आणि खालच्या गिअरला इंजिनच गाडी धरून ठेवतं. ज्या गिअरला चढलो असतो त्याच गिअरला उतरायचं हा नियम, पण तो चालायला इंजिन पण तसं लागतं ना.

रिकामी असताना मात्र मोठी गाडी उडते, खड्ड्यात पाठ मोडते. हे सांगायला हवं कारण शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

नाखवा_रत्नागिरी

मी मासळी वाहतो, मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाट चढून कोल्हापूर. मोठी गाडी घेण्याचं माझं कारण बर्फ. टबात जेवढी मासळी तेवढाच जवळपास बर्फ घालायला लागतो उन्हाळ्यात, म्हणजे भाडं मिळतं मासळीचं आणि वजन ओढायचं दोन्हीचं. हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही.

तुमच्या बायकोचा प्रश्न एकदम बरोबर आहे, त्यांना सांगा माझ्याकडून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे माझी पण गाडी दोन महिने उभीच. मी त्या काळात भाताची रोपं, खत, शाळेची बाकं, लग्नाची भांडी काय मिळेल ते नेतो आणि तरीही हप्ता जड जातो. घेताना बँकेत बोललो असतो की मे महिन्यात मोठा हप्ता आणि पावसात छोटा असं काही बसवता येईल का, तर बरं झालं असतं, मी विचारलंच नाही. तुम्ही विचारा.

देवगडचो_झील

भाऊ, गाडी घेतलंस तर घे, पण हौदो, माल भरतत तो मागचो भाग, आधी बघ. आमच्याकडे खारो वारो, पत्र्याचो हौदो दोन पावसांत चाळण जाता. सीझन संपलो की गाडी जॅकवर चढवून खालसून गोड्या पाण्यान धुवून घे, सुकव, मगे तेल मार. चासीच्या आत पण मार. माझ्या काकान ह्यां केल्यान नाय, हौद्याचो मागचो फाळको हातात इलो त्याच्या.

आणि आंब्याच्या गाडीक ताडपत्री घट्ट बांधू नको, वारो खेळाक व्हयो. रातीचोच प्रवास कर.

हिशोबी_पाटणकर (चिपळूण)

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. १८० कलमं, चांगल्या वर्षी कलमामागे चार पेट्या धरल्या तरी साधारण ७०० पेट्या. मोठ्या पिकअपमध्ये एका वेळी ७० जातात म्हटलं तर वाशीच्या फेऱ्या झाल्या १०. दहा फेऱ्यांसाठी कोणी गाडी घेतं का? मी स्वतः घेतली होती आणि तीन वर्षांनी विकली. वाशीवरून येताना परतीचं भाडं मिळेल या आशेवर होतो, ते दहातल्या दोन वेळा मिळायचं, बाकी वेळा एवढ्या लांबून रिकामी गाडी आणायची आणि मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था तुम्हाला माहीतच आहे, पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. झोप नाही, मणके दुखतात, दुसऱ्या दिवशी परत बागेत तोड. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार.

त्यापेक्षा आजूबाजूच्या पाच बागायतदारांनी मिळून एक गाडी सीझनभर बांधून घ्यावी, आगाऊ पैसे देऊन. मी आता तेच करतो.

चिरेखाणवाला

पाटणकर साहेब हिशोब बरोबर आहे तुमचा पण एक गोष्ट त्यात बसत नाही. त्या दहा फेऱ्या वर्षभर पसरलेल्या नसतात ना. सगळ्या पंचक्रोशीचा आंबा त्याच वीस-पंचवीस दिवसांत तयार होतो, सगळ्यांना त्याच रात्री गाडी पाहिजे असते. पाच बागायतदारांची एक गाडी, आणि पाचही जणांची तोड एकाच दिवशी निघाली तर? ऊन वाढलं की सगळीकडेच फळ एकदम तयार होतं. तेव्हा कोणाचा माल मागे ठेवायचा? ह्यावरून आमच्या गावात दोन सख्खे भाऊ बोलत नाहीत.

माणूस मोठी गाडी घेतो ती त्या वीस दिवसांसाठी घेतो. बाकी दिवस तिने स्वतःचं पोट भरलं तरी पुष्कळ.

हिशोबी_पाटणकर (चिपळूण)

हे मान्य आहे. आमच्यात पण गेल्या वर्षी तसं एकदा झालं, मी माझा माल मागे ठेवला.

आणि खरं सांगायचं तर गाडी विकल्याचं एकदाच वाईट वाटलं. २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. आमची गल्ली पूर्ण पाण्यात. पाणी उतरल्यावर गुहागर बाजूने पोरं स्वतःच्या पिकअप घेऊन आली, पिण्याचं पाणी, चादरी, भाकऱ्या, आणि जाताना हौद्यात आमचा चिखल आणि भिजलेलं सामान भरून न्यायची. कोणी भाडं विचारलं नाही. बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता, कार आत येऊच शकत नव्हत्या. तेव्हा वाटलं आपली गाडी असती तर शेजारच्या चार घरांचं काम झालं असतं.

दापोलीकर_मिशिगन

मी मूळचा दापोलीचा, बारा वर्षं अमेरिकेत मिशिगनला. इथे या गाड्यांचं वेड केवढं आहे सांगतो, फोर्डची एफ सिरीज १९७७ पासून इथला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे. त्यातले हेवी ड्युटी, म्हणजे जड कामाचे, एफ-२५०, एफ-३५०, आणि दुसऱ्या कंपनीचे रॅम २५००, ३५००. यांची डिझेल इंजिनं ६.७ लिटरची असतात, आपल्या पिकअपच्या अडीच-तीन पट. इथे हौद्यात माल भरण्यापेक्षा मागे ओढायला जास्त वापरतात, घोड्यांचा ट्रेलर, बोट, चाकांवरचं घर. मला आधी वाटायचं हौस आहे सगळी, आणि पुष्कळ जणांची असते पण, कारण कित्येक ट्रक ऑफिसच्या पार्किंगच्या पुढे जात नाहीत. पण माझा शेजारी शेतकरी आहे, त्याने सांगितलं ते चिरेखाणवाल्या दादांसारखंच, ट्रेलर ओढणं सोपं आहे, थांबवणं अवघड, जड गाडी घेतो ती थांबायला.

दोन कामाच्या गोष्टी. इथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. माणसं धरून! तुम्ही पण हिशोब करताना ड्रायव्हर, जोडीला बसणारा, ताडपत्री सगळं धरा.

दुसरं, इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाचा त्रास अगदी आपल्या किनाऱ्यासारखाच. फोर्डने हेवी ड्युटीची बॉडी २०१७ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची केली पण चासी पोलादाचीच आहे, म्हणून जुनी गाडी घेताना इथले लोक रंग बघत नाहीत, आधी पाठीवर झोपून खाली शिरतात. तुम्ही जुनी बघणार असाल तर हेच करा, किनाऱ्यावरची असेल तर नक्कीच.

नाखवा_रत्नागिरी

कागदांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मी यात अडकलो होतो. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जीव्हीडब्ल्यू म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं. ते ३००० किलोपर्यंत असेल तर मालगाडीला परमिट लागत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्येच आहे ते. रिकामी गाडी सतराशे किलोच्या आसपास धरली तर १३०० च्या वर भार घेणारी कुठलीही पिकअप ३००० ओलांडते, म्हणजे परमिट काढायचं. काढा, त्यात काही अवघड नाही, पण आधी माहीत असू दे. ओव्हरलोडला २०१९ पासून दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका दंडात दोन फेऱ्यांची कमाई गेली. लायसन्सची काळजी करू नका, साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नक्की केलं.

आणि हात जोडून सांगतो, लग्नाला, जत्रेला हौद्यात माणसं भरू नका. अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करतो, आणि इन्शुरन्स जाऊ दे, माणूस जातं. आमच्या वाडीने बघितलंय.

कातळकर (राजापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाटणकर काका, तुमचा दहा फेऱ्यांचा हिशोब ऐकून बाबा एकदम खूश, आणि पुढचं वीस दिवसांचं वाचल्यावर गप्प बसले, कारण ती एप्रिलची रात्र त्यांनी पण पडवीत बसून काढली होती.

मी १.३ टनीवर जवळजवळ आलो होतो. पेटी २० किलो, ६४ पेट्या म्हणजे १२८० किलो, बरोबर बसतं आणि परमिट पण नको. मग मिशिगनवाल्या दादांचं वाचून आज शेवटच्या तोडीतली पाच डझनी पेटी दुकानाच्या काट्यावर ठेवली. लाकूड ओलं होतं, पेटी भरली साडेबावीस किलो. ६४ पेट्यांचे झाले १४४०, त्यात मी आणि एक गडी. म्हणजे १.३ मध्ये पहिल्याच दिवशी ओव्हरलोड झालो असतो आणि कळलं पण नसतं.

आता १.७ बघतोय, परमिट काढून. बाकीच्या वर्षाचं म्हणाल तर शेजारच्या तीन बागा माल द्यायला तयार आहेत, दिवाळीनंतर अणुस्कुरा घाटाने वरून शेणखत आणि पेंढा आणायचं काम मिळेल असं एकजण बोललाय. बँकेत हप्त्याचं विचारणार आहे. बायको म्हणाली सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवल्याशिवाय सही करायची नाही, ते मी कबूल केलंय.

एकच शंका आहे, भरलेली एवढी गाडी मी कधी घाटी उतरवलेली नाही.

चिरेखाणवाला

मग घ्यायच्या आधी उतरवून बघा. रविवारी आमच्या खाणीवर या, ५० चिरे भरतो, दीड टन, मी शेजारी बसतो. दुसऱ्या गिअरला हळूहळू उतरायचं, ब्रेकला पाय टेकवून ठेवायचा नाही, लागला तर दाबून सोडायचा. पाऊस लागला तर येऊ नका, फोन करा.

कातळकर (राजापूर)

येतो. बाबांना पण घेऊन येतो, ते वर खाणीवर थांबतील.