शब्दचर्चा: ‘ट्रॅव्हलिंग’ आणि ‘पिव्होट फूट’

बास्केटबॉलचे नियम मराठीत उतरवतोय. जुन्या मसुद्यात ‘ट्रॅव्हलिंग’ला (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पावलं टाकणं) ‘प्रवास’ आणि ‘पिव्होट फूट’ला (चेंडू धरून ज्या पायावर फिरतात तो) ‘स्थिर पाय’ असं लिहिलंय. पहिलं वाचून हसू आलं, दुसरं नुसतंच खटकतंय. काय वापरावं?

— ‘प्रवास’ म्हटलं की बॅगा भराव्याशा वाटतात, पण कल्पना तीच आहे. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली लिहिलेल्या १३ नियमांतच चेंडू घेऊन धावायला मनाई होती; जिथे झेलला तिथूनच फेकायचा. मैदानावर कुणी ‘प्रवास’ म्हणत नाही, ‘स्टेप झाली!’ असाच ओरडा होतो. पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतो आणि चेंडू समोरच्या संघाला थ्रो-इनसाठी, म्हणजे रेषेबाहेरून आत टाकायला, मिळतो. ‘ट्रॅव्हलिंग’च ठेवा.

— ‘स्थिर’ मात्र चूकच. कर्कटकाचं टोक आठवा: जागा सोडत नाही, पण फिरतं. ‘पिव्होट’ मूळ फ्रेंच, ज्याभोवती काही फिरतं ती खीळ. ‘आधारपाय’ सुचेल, पण आधार दुसऱ्या पायाचाही असतो. मी ‘पिव्होट पाय’ लिहीन आणि खरी काळजी क्रियापदांची घेईन. ‘पाय हलला’ लिहिलंत की घोळ झालाच. फिरणं, सरकणं, उचलणं, टेकणं, चारही वेगळी.

उदाहरण घ्या. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू झेलला. अजून पिव्होट ठरलेलाच नाही. डावा उचलला, त्या क्षणी उजवा पिव्होट झाला. आता डाव्याने हवी तितकी पावलं टाका, उजव्याच्या चवड्यावर गरागरा फिरा, टाच वर गेली तरी चालेल. उजवा सरकला की संपलं. आणि उचलला तर? ते पुढे काय करणार यावर आहे. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुरू करायचा तर पाय उठण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास किंवा शॉटसाठी पाय आधी उचलता येतो.

— मग ‘दोन पावलं चालतात’ म्हणतात ते?

— ते पळत्या खेळाडूचं. २०१७ पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत. त्याला ‘झीरो स्टेप’ म्हणतात. त्यानंतरची दोन मोजायची. प्रेक्षकाला तीन दिसतात आणि तो पंचाच्या नावाने बोटं मोडतो.

— ‘पिव्होट पाय जागेवर फिरू शकतो, जागा सोडू शकत नाही’ असं लिहू?

— दुसरा अर्धा भाग बदला. उडी मारून शॉट घेताना तो जागा सोडतोच. ‘उचललेला पिव्होट पाय चेंडू हातात असताना पुन्हा टेकायचा नाही’ असं वेगळं वाक्य करा. आणि ‘सरकायचा नाही’ हे त्याच्या आधी येऊ द्या.