मदत हवी आहे : जर्मनीत वापरलेली सॉफ्टवेअर लायसन्स भारतात विकत घेणे व पुढे विकणे कायदेशीर आहे का?

नमस्कार.

भोसरीत आमचे प्रेस टूल आणि जिग-फिक्स्चर डिझाइनचे छोटे ऑफिस आहे. आमचा एक जुना जर्मन ग्राहक आपला डिझाइन विभाग बंद करत आहे आणि तेथील थ्रीडी कॅडची (संगणकावर डिझाइन करण्याच्या सॉफ्टवेअरची) लायसन्स आम्ही विकत घ्यावीत, असा त्याचा प्रस्ताव आहे. ही लायसन्स वार्षिक वर्गणीची नाहीत. २०१६ साली जर्मनीतच एकरकमी पैसे मोजून कायमची घेतलेली आहेत. मूळ इन्व्हॉइस, लायसन्स सर्टिफिकेट आणि डोंगल (जे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते छोटे उपकरण) देण्याची त्यांची तयारी आहे. सर्टिफिकेटची स्कॅन प्रत मी पाहिली. त्यावर एकच लायसन्स क्रमांक असून त्यापुढे ‘नेटवर्क सीट : १०’ (म्हणजे एका वेळी दहा जणांनी वापरायची मुभा) असे छापले आहे आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, उत्पादक कंपनीच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतर करता येणार नाही, अशी ओळ आहे. आम्हाला चारच सीट पुरतात. उरलेल्या सहा सीट चाकणच्या एका ओळखीच्या ऑफिसला विकाव्यात, असा माझ्या भागीदाराचा आग्रह आहे. ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’बद्दल (सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या कोडबद्दल) हा प्रश्न नाही, त्या प्रकाराबद्दल माझे मत पक्के आहे आणि ते चांगले नाही.

जर्मन ग्राहक निर्धास्त आहे, आणि त्याच्या देशापुरते ते रास्तही आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट (वापरलेली लायसन्स विकणारी कंपनी) विरुद्ध ओरॅकल (सॉफ्टवेअर उत्पादक) या खटल्यात असे ठरवले की, पूर्ण मोबदला घेऊन अमर्याद काळासाठी दिलेले लायसन्स ही विक्रीच असते, प्रोग्राम सीडीवर दिला असो वा डाउनलोड करून. आणि एकदा अशी विक्री झाली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीला उत्पादक हरकत घेऊ शकत नाही, करारात ‘अहस्तांतरणीय’ असे लिहिले असले तरी. मात्र त्याच निकालात दोन अटी आहेत. पहिल्या मालकाने स्वतःकडील प्रत निरुपयोगी केली पाहिजे, आणि गरजेपेक्षा जास्त वापरकर्त्यांचे एकच लायसन्स घेतले असेल, तर ते फोडून उरलेला भाग विकता येत नाही. एकाच इन्व्हॉइसवर पण स्वतंत्र संगणकांसाठी घेतलेली अनेक लायसन्स वेगवेगळी विकण्यास जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पुढे मोकळीक दिली खरी. पण आमच्या सर्टिफिकेटवर क्रमांक एकच आहे. त्यामुळे चार-सहाची वाटणी मला जर्मन कायद्यातही अवघड दिसते, आणि हे भागीदाराला पटवणे त्याहून अवघड.

खरी अडचण पुढे आहे. ज्या युरोपीय निर्देशावर (संघाच्या सदस्य देशांना बंधनकारक कायद्यावर) हा निकाल उभा आहे, त्यानुसार पहिल्या विक्रीने उत्पादकाचा वितरणाचा हक्क संपतो तो युरोपीय संघाच्या हद्दीत. प्रत भोसरीत आल्यावर त्या निकालाचा आधार कितपत उरतो? सगळ्या देशांत तसेच मानतात असेही नाही. अमेरिकेत २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात अपील न्यायालयाने वापरकर्त्याला प्रतीचा मालक न मानता केवळ लायसन्सधारक मानले आणि पुनर्विक्रीचा बचाव नाकारला.

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये संगणक प्रोग्रामची कोणतीही प्रत विकण्याचा किंवा व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटधारकाला दिला आहे. १९९४ च्या दुरुस्तीत त्यापुढे ‘ती प्रत पूर्वी विकली वा भाड्याने दिली गेली असली तरीही’ अशा अर्थाचे शब्द होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते गाळले. ते शब्द मुद्दाम गाळले, म्हणजे पहिल्या विक्रीनंतर हक्क संपतो, असे एक वाचन मला सुचते. पण ‘कोणतीही प्रत’ हे शब्द जागेवरच आहेत, आणि पुस्तकांच्या बाबतीत आधीच चलनात असलेल्या प्रती स्पष्टपणे वगळल्या आहेत तशी सूट इथे दिसत नाही, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मार्च २०२१ च्या इंजिनीअरिंग ॲनालिसिस सेंटर निकालात या कलमाची चर्चा आहे, परंतु तो वाद परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम रॉयल्टी ठरते का आणि त्यावर टीडीएस कापायचा का, एवढ्यापुरता होता. आमचे सीए त्याच निकालावर बोट ठेवून ‘ही वस्तूची खरेदी आहे, घेऊन टाका’ असे सांगतात. कराच्या बाजूने त्यांचे बरोबर असेलही, पण त्यावरून पुनर्विक्रीची मुभा कशी निघते, हे मला उमगलेले नाही.

जोखीम किरकोळ असती तर इतके लिहिले नसते. उल्लंघन करणारी प्रत आयात करणे हेच कलम ५१ खाली उल्लंघन ठरते, आणि अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास कलम ६३-ख मध्ये किमान सात दिवसांचा कारावास व पन्नास हजार रुपये दंड आहे. आमचे मोठे ग्राहक वेंडर ऑडिटच्या वेळी सॉफ्टवेअरचे कागद मागतात, तेव्हा जर्मन कंपनीच्या नावाचे सर्टिफिकेट त्यांच्यापुढे ठेवावे लागेल.

तेव्हा बौद्धिक संपदेचे काम करणाऱ्या वकिलांना आणि असा व्यवहार प्रत्यक्ष केलेल्यांना विनंती आहे. १९९९ नंतरच्या कलम १४ चा अर्थ लावून वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या पुनर्विक्रीवर थेट बोलणारा भारतीय उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या माहितीत आहे का? उत्पादक कंपनीच्या पुण्यातील डीलरकडून हस्तांतराचे संमतिपत्र कोणी मिळवले आहे का, आणि त्यासाठी शुल्क किंवा मधल्या वर्षांचा थकलेला मेंटेनन्स (अपडेट व सेवेची वार्षिक रक्कम) भरावा लागला का? संमती मिळाली, तर दहाचे एक लायसन्स चार आणि सहा असे दोन क्रमांकांत कंपनीकडूनच फोडून घेता येते का? जर्मन ग्राहकाला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. तोवर मी आगाऊ रक्कम पाठवणार नाही, आणि चाकणच्या ऑफिसलाही शब्द दिलेला नाही.